किर्कुकचें तेल आणि शेजाऱ्यांच्या वाटा

घरच्या विहिरीचें पाणी पोहऱ्यानें शेंदून घेणाऱ्या कुटुंबाला शेजाऱ्याची मर्जी फारशी सांभाळावी लागत नाहीं. परंतु तेंच पाणी दुसऱ्याच्या परसांतून नळानें आणावयाचें ठरलें, कीं त्या परसाच्या मालकाशीं बोलणें, त्याच्या अटी ऐकणें व त्याचा रोष होऊं न देणें हीं सर्व ओझीं त्या नळाबरोबरच घरांत येतात. राष्ट्रांच्या व्यवहारांतही हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. तेलाचें जहाज एका बंदरांत अडविलें, तर तें दुसऱ्या बंदराकडे वळवितां येतें. तेलाचा नळ मात्र एकदां जमिनींत पुरला, कीं तो हलत नाहीं. आणि तो ज्या भूमींतून जातो, त्या भूमीचा सत्ताधीश आणखी दहा वर्षांनीं कोण असेल, हें तो टाकणाऱ्यास कधींच ठाऊक नसतें.

ह्या गोष्टीचें किर्कुकइतकें बोलकें उदाहरण क्वचित् सांपडेल. किर्कुक हें उत्तर इराकमधील एक जुनें शहर. कुर्द, तुर्कमान, अरब व असिरियन ख्रिस्ती अशा निरनिराळ्या समाजांची तेथें वस्ती आहे. शहराजवळ बाबा गुरगुर नांवाचें एक स्थळ असून तेथें जमिनींतून निघणारा वायु शतकानुशतकें जळत आलेला आहे. ह्या ज्वाळांखालीं तेल असलें पाहिजे, हें पूर्वींपासून लोकांना माहीत होतें. परंतु तें तेल समुद्रापर्यंत नेण्याचा प्रश्न जेव्हां निघाला, तेव्हांपासून किर्कुकचा इतिहास पालटला. समुद्र तेथून शेंकडों मैल दूर, आणि मधला पुष्कळसा मुलूख दुसऱ्यांचा. गेल्या शंभर वर्षांत ह्या एका प्रश्नाला चार-पांच वेळां उत्तर दिलें गेलें व प्रत्येक वेळीं तें अपुरें ठरलें. असें कां झालें, ह्याचा विचार करण्यासाठीं तो वृत्तांत येथें क्रमवार मांडीत आहें.

वस्तुतः ह्या कथेचा आरंभ किर्कुकला होत नाहीं, शेजारच्या इराणांत होतो. आणि त्या आरंभाशीं महाराष्ट्राचा प्रत्यक्ष संबंध आहे. १९०८ सालीं इराणांतील मस्जिद-इ-सुलेमान येथें तेल लागलें व १९११ सालीं तेथून आबादानपर्यंत सुमारें १४० मैलांचा नळ टाकण्यांत आला. ब्रिटिश आरमार त्या सुमारास कोळसा सोडून तेलाकडे वळत होतें; म्हणून १९१४ सालीं ब्रिटिश सरकारनें अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें आणि इराणी आखाताच्या तोंडाशीं असलेलें हें तेल राखण्यासाठीं हिंदुस्थानांतून फौज धाडण्यांत आली. ती फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिची पहिली तुकडी मुंबईहून निघून नोव्हेंबर १९१४ मध्यें फाव येथें उतरली व त्याच महिन्यांत बसरा शहर ब्रिटिशांच्या हातीं आलें. पुढें फेब्रुवारी १९१५ मध्यें तुर्कांना अनुकूल असलेल्या टोळ्यांनीं आबादानचा नळ फोडला व कांहीं महिने तेल अडून राहिलें. नळ राखावयाचा म्हणजे त्याचीं दोन टोकें राखून भागत नाहीं, मधला प्रत्येक मैल राखावा लागतो, हा धडा तेव्हांच मिळाला होता.

ह्या पुणे डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बगदादपर्यंत मजल मारण्याच्या ईर्ष्येनें पुढें गेलेली ही सेना मागें हटतांना कूट येथें वेढली गेली. जवळजवळ पांच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजीं ती शरण गेली, आणि तिच्यांतील हजारों शिपाई पुढील पायपिटींत व कैदेंत मरण पावले. रत्नागिरीच्या व साताऱ्याच्या ज्या घरांतून असे तरुण गेले, त्या घरांत त्या काळीं घासलेटाची चिमणी जळत असेल; परंतु आपला मुलगा ज्या मोहिमेवर गेला तिच्या मुळाशीं तेल आहे, हें त्या घरांतील माणसांना कोणी समजावून सांगितलें असेल, असें वाटत नाहीं.

युद्धाची तहकुबी ३० ऑक्टोबर १९१८ रोजीं झाली. आणि तिच्यानंतर थोड्याच दिवसांनीं ब्रिटिश फौजा मोसल शहरांत शिरल्या. किर्कुकचें तेल मोसल प्रांतांतच मोडत असे. १९१६ च्या साइक्स-पिको करारान्वयें मोसल फ्रान्सच्या वांट्यास गेलें होतें. परंतु डिसेंबर १९१८ मध्यें क्लेमान्सो ह्यांनीं तें लॉईड जॉर्ज ह्यांना सोडून दिलें. त्याचा मोबदला १९२० सालीं सॅन रेमो येथें ठरला. तुर्की पेट्रोलियम कंपनींत पूर्वीं जर्मनांकडे असलेला चतुर्थांश फ्रान्सला मिळावा, आणि मोसलचें तेल भूमध्य समुद्राकडे नेणारा नळ फ्रान्सनें आपल्या ताब्यांतील सीरियांतून जाऊं द्यावा, असा तो सौदा होता. किर्कुकच्या विहिरींतून व्यापारी प्रमाणावर तेल निघण्यास अद्याप कित्येक वर्षें अवकाश होता. तरी त्या तेलाची वाट ठरून गेली होती. ज्यांच्या शेतांतून व कुरणांतून ती जावयाची होती, त्यांचा ह्या बोलण्यांत कोठेंही भाग नव्हता.

तुर्कस्ताननें मोसलवरील हक्क सोडलेला नव्हता. प्रकरण राष्ट्रसंघाकडे गेलें व डिसेंबर १९२५ मध्यें मोसल इराककडे ठेवण्याचा निर्णय झाला. जून १९२६ च्या तहानें तुर्कस्तानला इराकच्या तेलाच्या स्वामित्वधनाचा दहावा हिस्सा पंचवीस वर्षें देण्याचें कबूल करण्यांत आलें. दरम्यान मार्च १९२५ मध्यें इराकनें कंपनीला मक्ता लिहून दिला होता. सॅन रेमोच्या करारांत स्थानिक लोकांना कंपनीचे वीस टक्के भाग घेण्याची मुभा असावी, असें म्हटलें होतें. प्रत्यक्ष मक्त्यांत ती मुभा राहिली नाहीं, आणि त्याचा निषेध म्हणून दोन इराकी मंत्र्यांनीं राजीनामे दिले. ऑक्टोबर १९२७ मध्यें बाबा गुरगुर येथील विहिरींतून तेलाचा प्रचंड फवारा उसळला. तो आटोक्यांत आणण्यास आठवड्याहून अधिक काळ लागला. आतां संपत्तीविषयीं शंका उरली नाहीं. १९२८ सालीं भागीदारांची कायमची वांटणी झाली: ब्रिटिश, ब्रिटिश-डच, फ्रेंच व अमेरिकन ह्या चार गटांस प्रत्येकीं २३.७५ टक्के, आणि ह्या व्यवहाराची मूळ जुळणी करणाऱ्या गुल्बेंकियन ह्या आर्मेनियन गृहस्थांस ५ टक्के. इराकच्या नांवावर एकही भाग नव्हता. पुढील वर्षीं कंपनीनें आपलें नांव मात्र बदलून 'इराक पेट्रोलियम कंपनी' असें ठेविलें.

आतां नळ कोणत्या बंदराला न्यावयाचा, हा वाद सुरू झाला. फ्रान्सचें म्हणणें असें, कीं तो सीरियांतून त्रिपोलीस न्यावा. (हें त्रिपोली लेबाननच्या किनाऱ्यावरचें, लिबियांतील नव्हे.) ही वाट जवळची व कमी खर्चाची होती. ब्रिटनला मात्र आपल्या आरमाराचें तेल फ्रान्सच्या ताब्यांतील बंदरावर अवलंबून राहावें, हें मान्य नव्हतें; त्याला तें ट्रान्सजॉर्डन व पॅलेस्टाइन ह्या आपल्या संरक्षित मुलुखांतून हैफा बंदरांत हवें होतें. इराकचे राजे फैसल ह्यांचा कलही हैफाकडेच होता. शेवटीं १९३१ सालीं तडजोड झाली आणि एकाऐवजीं दोन नळ टाकावयाचे ठरलें. १९३५ अखेर ते पुरे झाले पाहिजेत, आणि तोंवर कंपनीनें इराक सरकारास दरसाल चार लक्ष सुवर्ण पौंड द्यावे, असें करारांत आलें.

किर्कुकपासून फरात नदीवरील हदीथापर्यंत दोन्ही नळ जोडीनें जात. तेथें त्यांची फारकत होई. एक सुमारें ५३० मैलांवर त्रिपोलीस, दुसरा सुमारें ६२० मैलांवर हैफास. नळांचा व्यास बारा इंच, आणि दोहोंची मिळून शक्ति वर्षाला सुमारें चाळीस लक्ष टन. वाळवंटांत ठराविक अंतरावर पंपांचीं ठाणीं बांधलीं होतीं. त्यांना गांवांचीं नांवें नव्हतीं; हैफाच्या वाटेवरील ठाणीं 'एच-१', 'एच-२', 'एच-३' अशीं, तर त्रिपोलीच्या वाटेवरील 'टी-१', 'टी-२' अशीं ओळखलीं जात. प्रत्येक ठाण्यास किल्ल्यासारखा कोट असे. जानेवारी १९३५ मध्यें राजे गाझी ह्यांच्या हस्तें किर्कुक येथें ह्या नळांचें समारंभपूर्वक उद्घाटन झालें. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. एकाच विहिरीच्या तेलाला दोन वाटा लागल्या, ह्याचें कारण वाळवंटाच्या रचनेंत नव्हतें. तें दोन मित्रराष्ट्रांच्या परस्परांवरील अविश्वासांत होतें.

हा अविश्वास वायफळ ठरला नाहीं. परंतु संकट ज्या दिशेनें अपेक्षित होतें त्या दिशेनें आलें नाहीं. उद्घाटनास दीड वर्ष होतें न होतें, तोंच १९३६ सालीं पॅलेस्टाइनमधील अरबांनीं ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव केला. खेड्यांतील लोक रात्रीं नळ उकरीत, त्याला भोंक पाडीत व वाहणाऱ्या तेलाला आग लावीत. १९३८ सालीं नळाच्या रक्षणासाठीं विंगेट नांवाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखालीं रात्रीं गस्त घालणारीं खास पथकें उभीं करण्यांत आलीं व त्यांनीं आसपासच्या खेड्यांवर कठोरपणें जरब बसविली. ज्या शेतकऱ्याच्या बांधावरून तेल जाई, त्याच्या पदरांत त्या तेलाचा पैसा पडत नसे. पडे तो त्या तेलाच्या रक्षकांचा दंडुका. नळाविषयीं त्याला आपलेपणा वाटावा, असें त्यांत कांहींच नव्हतें.

जून १९४० मध्यें फ्रान्स पडलें व त्रिपोलीची शाखा ब्रिटिशांनीं बंद केली. पुढील वर्षीं इराकमध्यें रशीद अली गैलानी ह्यांनीं ब्रिटिशांविरुद्ध सत्ता हातीं घेतली, आणि हैफाकडे जाणारें तेलही अडलें. तें मोकळें करण्यासाठीं एक हिंदी डिव्हिजन बसऱ्यास उतरली, आणि पॅलेस्टाइनमधून दुसरी फौज वाळवंट तुडवीत बगदादकडे निघाली. ह्या दुसऱ्या फौजेची वाट हैफाच्या नळाच्या कडेकडेनेंच, त्याच पंपांच्या ठाण्यांवरून गेली. तेल बाहेर नेण्यासाठीं बांधलेल्या वाटेनें सैन्य आंत आलें. महिन्याभरांत रशीद अलींची सत्ता संपली, परंतु ह्या नळाचें खरें स्वामित्व कोणाचें, हें त्या महिन्यांत इराकी लोकांनीं पाहून ठेविलें. खुद्द किर्कुकमध्यें जुलै १९४६ मध्यें कंपनीच्या कामगारांनीं पगारासाठीं व घरांसाठीं संप केला, तेव्हां गावुरबागी येथें जमलेल्या कामगारांवर पोलिसांनीं गोळीबार केला व कित्येक जण ठार झाले.

१९४८ सालीं इस्राएलचें राज्य निर्माण झालें. हैफा बंदर शत्रूच्या हातीं गेलें, असें मानून इराकनें त्या बाजूचें तेल आपण होऊन बंद केलें. आपल्या उत्पन्नावर आपणच पाणी सोडण्याचा हा निर्णय होता. परंतु अरब जनमत पाहतां कोणत्याही इराकी सरकारला दुसरें कांहीं करतां आलें नसतें. हा नळ पुन्हां चालू झाला नाहीं. आतां किर्कुकच्या तेलाला सीरियाचीच काय ती वाट राहिली. १९५२ सालीं ह्या वाटेनें तीस इंचांहून अधिक व्यासाचा एक मोठा नळ सीरियाच्या बानियास बंदरापर्यंत टाकण्यांत आला, आणि इराकच्या राज्यकारभाराचा व विकासाचा बहुतेक खर्च त्या नळावर चालूं लागला.

सीरिया आतां फ्रान्सच्या ताब्यांत नव्हता. तो स्वतंत्र होता व आपल्या भूमीची किंमत त्याला कळूं लागली होती. १९५५ सालीं त्यानें कंपनीशीं नवा करार करून वाटेचा मोबदला वाढवून घेतला. पुढच्याच वर्षीं सुवेझचें प्रकरण उद्भवलें. ब्रिटन व फ्रान्स ह्यांनीं इस्राएलसह ईजिप्तवर हल्ला केला, तेव्हां नोव्हेंबर १९५६ च्या आरंभीं सीरियन लष्करानें आपल्या हद्दींतील तीन पंप-ठाणीं उडवून दिलीं. त्याच वेळीं सुवेझचा कालवा जहाजें बुडवून बंद करण्यांत आला होता. परिणाम असा झाला, कीं १७ डिसेंबर १९५६ पासून १४ मे १९५७ पर्यंत ब्रिटनमध्यें पेट्रोलचें रेशनिंग करावें लागलें. तेलाची वाट आपल्या सोयीनें आंखणाऱ्या राष्ट्राला छत्तीस वर्षांनंतर त्या वाटेवरील लोकांचें अस्तित्व अशा रीतीनें जाणवलें. परंतु ह्या झगड्यांत इराकचेंही उत्पन्न बुडालें, हें विसरतां कामा नये. सीरियाचा राग लंडन-पॅरिसवर होता. त्याचा मोठा भुर्दंड बगदादला पडला.

दहा वर्षांनीं हाच प्रसंग निराळ्या कारणानें आला. कंपनीनें वाटेचा मोबदला कित्येक वर्षें कमी दिला, अशी तक्रार करून सीरियानें डिसेंबर १९६६ मध्यें कंपनीची मालमत्ता जप्त केली, आणि मार्च १९६७ च्या आरंभीं तडजोड होईपर्यंत किर्कुकचें तेल थांबलें. भांडण सीरिया व कंपनी ह्यांचें. परंतु तिजोरी रिकामी पडली ती इराकची. ह्यानंतर इराकी राज्यकर्त्यांच्या मनांत दोन निश्चय पक्के झाले असावेत, असें त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसतें: तेल कंपनीच्या हातून काढून घ्यावयाचें, आणि तेलाची वाट सीरियाच्या हातून.

पहिला निश्चय १ जून १९७२ रोजीं पार पडला. त्या दिवशीं इराकनें कंपनीच्या किर्कुक येथील मालमत्तेचें राष्ट्रीयीकरण केलें. सीरियानेंही त्याच वेळीं आपल्या हद्दींतील नळ ताब्यांत घेतला. ही गोष्ट इराकी जनतेच्या अभिमानाची होती व तो अभिमान खोटा नव्हता; सत्तेचाळीस वर्षांपूर्वींचा मक्ता अखेर मोडला होता. परंतु राष्ट्राची म्हणून घोषित झालेली ही संपत्ति त्या राष्ट्रांतील कोणाची, हा प्रश्न लगेच पुढें आला. मार्च १९७० मध्यें कुर्दांना स्वायत्तता देण्याचा करार झाला होता. तो ज्या मुद्द्यांवर मोडला त्यांत किर्कुक हा मुख्य होता. १९७४-७५ मध्यें युद्ध झालें. कुर्द हरले आणि किर्कुकच्या परिसरांतून कुर्द कुटुंबांना उठवून तेथें अरब वसाहत करण्याचें धोरण जोरानें चालूं लागलें. १९७६ सालीं ह्या प्रांताचें किर्कुक हें नांव काढून त्याला 'तामीम' म्हणजे 'राष्ट्रीयीकरण' असें नांव देण्यांत आलें. ज्या घरांतील माणसांना गांव सोडावें लागलें, त्यांच्या कानांवर तो शब्द कसा पडला असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. तें नांव २००६ पर्यंत टिकलें.

दुसरा निश्चय अधिक खर्चाचा ठरला. इराकनें १९७५ सालीं हदीथापासून दक्षिणेकडे रुमैलापर्यंत नळ टाकून किर्कुकचें तेल इराणी आखाताकडे नेण्याची सोय केली. त्याच वर्षीं फरातच्या पाण्यावरून सीरियाशीं युद्धाचा प्रसंग आला होता, आणि एप्रिल १९७६ मध्यें दरावरून मतभेद होऊन इराकनें सीरियाच्या वाटेनें तेल पाठविणें बंद केलें. जानेवारी १९७७ मध्यें तिसरी वाट खुली झाली. ही उत्तरेकडून तुर्कस्तानांतून जाऊन भूमध्य समुद्रावरील जेहान बंदराला मिळते; तिची लांबी एक हजार किलोमीटरच्या आसपास. आतां सीरियाची गरज उरली नाहीं, असें बगदादला वाटलें असल्यास नवल नाहीं. मध्यंतरीं उभयतांत सलोखा होऊन १९७९ सालीं सीरियाची वाट पुन्हां चालू झालीही. परंतु त्या सलोख्यास वर्षभराचेंही आयुष्य लाभलें नाहीं.

सप्टेंबर १९८० मध्यें इराकनें इराणवर स्वारी केली. आखातांतील इराकचे तेलाचे धक्के युद्धाच्या पहिल्या दिवसांतच निकामी झाले. म्हणजे दक्षिणेची वाट गेली. एप्रिल १९८२ मध्यें इराणच्या पक्षाला असलेल्या सीरियानें आपली वाट बंद केली. त्याच्या बदल्यांत इराणनें त्याला कांहीं तेल विनामूल्य व कांहीं सवलतीच्या भावानें दिलें. लाखों सैनिक रणांगणावर असलेल्या इराकचें सारें निर्यात-उत्पन्न कांहीं काळ तुर्कस्तानांतील एका नळावर येऊन ठेपलें. म्हणून तो नळ वाढविण्यांत आला. १९८७ सालीं त्याच्या शेजारीं दुसरा घातला गेला, व दोहोंची मिळून शक्ति दिवसाला पंधरा लक्ष बॅरलांवर गेली. तेवढ्यानेंही समाधान न होऊन सौदी अरबस्तानांतून तांबड्या समुद्राकडे आणखी एक वाट काढण्यांत आली. तिचा पहिला टप्पा १९८५ सालीं चालू झाला व स्वतंत्र नळ १९९० च्या सुमारास पुरा झाला.

इतक्या वाटा इराकजवळ पूर्वीं कधींच नव्हत्या. २ ऑगस्ट १९९० रोजीं त्यानें कुवेतवर आक्रमण केलें. संयुक्त राष्ट्रांनीं ६ ऑगस्ट रोजीं व्यापारबंदी पुकारली, आणि दोन आठवड्यांच्या आंत तुर्कस्तान व सौदी अरबस्तान ह्या दोन्ही देशांतील नळ बंद झाले. आक्रमक राज्याला अशी शिक्षा होणें न्याय्य होतें, हें येथें नाकारावयाचें नाहीं. परंतु पंधरा वर्षांच्या खर्चानें व खटाटोपानें जुळविलेल्या सर्व वाटा एका पंधरवड्यांत मिटाव्यात, ह्यांत ह्या कथेचें सार आलें. सौदी अरबस्ताननें आपल्या हद्दींतील नळ पुढें २००१ सालीं स्वतःच्या मालकीचा करून टाकला. तुर्कस्तानची वाट डिसेंबर १९९६ मध्यें, तेलाच्या बदल्यांत अन्न ह्या संयुक्त राष्ट्रांच्या योजनेखालीं, पुन्हां उघडली. मधल्या सहा वर्षांत इराकी सामान्य माणसानें अन्नाची व औषधांची जी टंचाई सोसली, तिचा हिशोब कोणत्याही करारांत सांपडणार नाहीं.

ह्या प्रसंगाची झळ आपल्याही घरांपर्यंत आली होती. कुवेतमध्यें अडकलेल्या सुमारें पावणेदोन लाख हिंदी लोकांना अम्मानच्या मार्गानें विमानांनीं परत आणावें लागलें. मुंबईच्या विमानतळावर दिवसामागून दिवस अशीं कुटुंबें उतरत होतीं. तेलाचे भाव चढले, आखातांतून घरीं येणारा पैसा आटला, आणि आधींच खंगलेली आपली परकीय चलनाची गंगाजळी १९९१ च्या संकटाला येऊन पोंचली. दुसऱ्यांच्या भांडणांत आपली चूल कशी सांपडते, हें त्या वर्षीं आपल्याकडील पुष्कळ गृहिणींना अर्थशास्त्राचें पुस्तक न उघडतां कळलें.

पुढील कथा अलीकडची आहे. २००३ नंतर सीरियाकडील जुना नळ निकामी झाला व तुर्कस्तानकडील नळावर वारंवार घातपात होऊं लागले. २०१४ सालीं इराकांतील कुर्द प्रांतिक सरकारनें बगदादच्या संमतीवांचून स्वतःच्या नळानें तुर्कस्तानपर्यंत तेल नेऊन तें जेहानहून विकण्यास सुरुवात केली. बगदादनें तुर्कस्तानविरुद्ध लवादाकडे दाद मागितली. मार्च २०२३ मध्यें लवादानें तुर्कस्ताननें इराकला सुमारें दीड अब्ज डॉलर द्यावे असा निवाडा दिला, आणि त्याच महिन्यांत तुर्कस्ताननें नळ बंद केला. निवाडा बगदादच्या बाजूचा. परंतु तेल मात्र कोणाचेंच गेलें नाहीं. अडीच वर्षांनीं, सप्टेंबर २०२५ मध्यें, बगदाद, कुर्द सरकार व तेल-कंपन्या ह्यांच्यांत समेट होऊन तें पुन्हां वाहूं लागलें. पूर्वीं वाटेचें भांडण दोन राष्ट्रांत होतें. आतां तें एका राष्ट्राच्या पोटांतही शिरलें होतें.

ह्या सर्व वृत्तांतावरून काय समजावें? कोणी म्हणेल, कीं नळ हेंच संकटाचें मूळ आहे. तेल जहाजानेंच न्यावें. परंतु समुद्राच्या वाटाही अरुंद असतात. १९५६ सालीं सुवेझ बंद झाला, १९८० सालीं आखातांतील धक्के गेले. दुसरा कोणी म्हणेल, कीं वाट देणारालाही मोबदल्याची गरज असते, म्हणून तो नळ सहसा बंद करणार नाहीं. हा युक्तिवाद हिशोबाच्या वहींत बिनचूक दिसतो. परंतु १९५६, १९६६, १९८२, १९९० व २०२३ ह्या पांचही वेळीं नळ बंद करणाऱ्या देशानें स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडलें होतें. राग, भीति, अभिमान किंवा दुसऱ्या कोणाशीं केलेली मैत्री ह्यांपुढें मोबदल्याचा विचार टिकला नाहीं. तेव्हां केवळ परस्परांच्या लोभावर विसंबून टाकलेला नळ सुरक्षित समजतां येत नाहीं.

मला स्वतःला ह्या इतिहासांतील खरें वैगुण्य निराळ्या ठिकाणीं दिसतें. हैफा गेलें तेव्हां बानियास. बानियासचा भरंवसा उडाला तेव्हां जेहान. जेहान एकटें पुरेना तेव्हां तांबडा समुद्र. प्रत्येक वेळीं इराकनें नवा नळ जोडला. ज्या शेजाऱ्याशीं बिनसलें त्याच्याशीं संबंध सुधारण्याची वेळ मात्र पुढें ढकलली, आणि दोनदां तर स्वतःच शेजाऱ्यावर शस्त्र उगारलें. ह्याचें बीज पहिल्या करारांत आहे. सॅन रेमो येथें वाट ठरली ती नकाशावर. तिच्यावरील लोक हे त्या नकाशांत नव्हतेच. पुढें परकी सत्ता गेल्या, कंपनी गेली, राष्ट्रीय सरकारें आलीं. परंतु त्यांनींही तोच नकाशा हातांत घेतला. किर्कुकचा कुर्द वा तुर्कमान रहिवासी, नळाकांठचा धनगर, सीमेवरील खेडूत ह्यांचा त्या तेलांत हितसंबंध निर्माण व्हावा, अशी व्यवस्था झाली नाहीं. ज्या नळाच्या शेजारीं राहणाऱ्याला तो फुटल्याचें दुःख होत नाहीं, त्या नळाला कितीही पहारे पुरत नाहींत.

हिंदुस्थानलाही ह्याचा विचार टाळतां येण्याजोगा नाहीं. आपल्याला लागणारें बहुतेक खनिज तेल बाहेरून येतें, आणि २०१७ नंतर कांहीं वर्षें तर इराक हाच आपला सर्वांत मोठा पुरवठादार होता. इराणचा वायु पाकिस्तानांतून नळानें आणण्याची योजना १९९० नंतरच्या दशकांत पुष्कळ चर्चिली गेली. पुढें आपण तिच्यांतून हळूहळू बाहेर पडलों. दराचा व निर्बंधांचा प्रश्न त्यांत होताच; परंतु शेजाऱ्यानें उद्यां तोटी फिरविली तर काय, ही शंका सर्वांच्या मनांत होती. ती शंका अनाठायीं होती, असें किर्कुकचा इतिहास वाचलेला मनुष्य म्हणणार नाहीं. पण तोच इतिहास असेंही सांगतो, कीं शेजाऱ्याला वळसा घालून काढलेली वाट शेवटीं दुसऱ्या एका शेजाऱ्याच्याच दारांतून जाते. बाबा गुरगुरच्या ज्वाळा जमिनींतून जशा निघत तशा आजही निघतात. त्यांच्याखालचें तेल कोणी निर्माण केलेलें नाहीं. वाट मात्र माणसांनींच करावयाची आहे, आणि ती वाटेवरील माणसांना विचारून केल्यावांचून टिकणारी नाहीं.